आधी मोगरा, मग वचन

पुणे, 11 जानेवारी

प्रिय आई, बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबांनी विचारलं होतं, सकाळच्या उपासनेत बडोद्याच्या आपल्या अंगणातलीच एखादी गोष्ट घेऊन मनन करायचं तर सुरुवात कुठून करायची. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

वचनापासून सुरुवात करू नका. वचन आधी हातात घेतलं की डोळे नुसता त्याचा पुरावा शोधत बसतात आणि झाड बघायचंच राहून जातं. आठवडाभर एकच गोष्ट घ्या, रोज त्याच वेळी दहा मिनिटं. वहीत आधी जे दिसलं तेवढंच लिहा: फांदीवर कोंबाचा डोळा कुठे फुटला, मुंग्या कशावर चढल्या. त्याखाली जे कळलं नाही ते. शास्त्र उघडायचं चौथ्या-पाचव्या दिवशी. तोवर मनात एखादा प्रश्न तयार झालेला असतो, आणि त्याच्याशी बोलणारं वचन बहुधा आपणहून आठवतं. नाही आठवलं तर पान कोरं राहू द्या. ओढूनताणून काढलेला बोध दुसऱ्या दिवशी आपल्यालाच खोटा वाटतो.

पहिला मोगरा घ्या, कारण त्याच्या छाटणीचे दिवस आले आहेत. उत्तरायणाचे पतंग उडवून झाले की आधी फांद्यांत अडकलेला मांजा काढून टाका, पाखरांच्या पायात जातो. मग आठ-दहा दिवस पाणी तोडा आणि महिनाअखेरीस छाटा. थंडीत मेलेली आणि जिवंत फांदी वरून सारखीच दिसते. नखाने साल जराशी खरवडायची: आत हिरवं असेल तर जिवंत, तपकिरी आणि कोरडं असेल तर ती बुडातून काढायची. जिवंत फांदीही निम्मी-अर्धी कापायची, डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप देऊन. नंतर दोन ओंजळी शेणखत आणि भरपूर पाणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, म्हणून जुन्या फांदीचा लोभ धरला की फुलं कमी. मार्च उलटल्यावर छाटलं तर कळ्याच कापल्या जातात. युरिया घातला तर झाड नुसतं पानांनी माजतं.

आता योहान 15:2 वाचा: येशू द्राक्षवेल आणि आपण तिचे फाटे. फळ न देणारा फाटा काढून टाकतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण देणाऱ्यालाही कात्री लागते, त्याने अधिक द्यावं म्हणून, हे आपण घाईने वाचून पुढे जातो. नाशिककडचे द्राक्षबागायतदार याची आणखी एक बाजू दाखवतात. तिकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणीनंतर बाग इतकी बोडकी दिसते की नवख्याला वाटावं, उपटूनच टाकणार आहेत. त्या छाटणीला फळ येत नाही, नुसत्या काड्या तयार होतात. पण त्या काड्यांच्या डोळ्यांत घड धरायचा की नाही, हे त्याच उन्हाळ्यात ठरतं. तो दिसतो मात्र ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. येशूच्या देशात मुख्य छाटणी थंडीत, वेल झोपेत असताना होते, तेव्हा हा तपशील त्याच्या दृष्टांतातला नाही. तरी बाबा, निवृत्तीनंतर 'आता माझ्या हातून काही होत नाही' असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला एप्रिलची बाग आठवते. चौथ्या वचनात फाट्याला एकच काम सांगितलं आहे, वेलीत राहायचं. फळ मोजायचं काम त्याला दिलेलं नाही.

चिमण्यांचं मनन फेब्रुवारीत. खोका लावायचा तर भोक 32 मिलिमीटरचं. मोठं असलं तर साळुंक्या घुसतात. जमिनीपासून दहा फूट उंच, पश्चिमेचं ऊन लागणार नाही असा. भोकाखाली बसायला दांडी नको, कावळ्याची सोय होते. आई तांदूळ टाकते ते मोठ्यांना चालतं, पण पिल्लं किड्या-अळ्यांवर वाढतात, म्हणून मोगऱ्यावर औषध फवारू नका. मत्तय 10:29 मध्ये दोन चिमण्या एका नाण्याला आहेत, लूक 12:6 मध्ये पाच दोन नाण्यांना. म्हणजे पाचवी भाजीवाल्याने वर टाकलेल्या कोथिंबिरीसारखी, फुकट. ते नाणं म्हणजे मजुराच्या दिवसाच्या रोजाचा सोळावा भाग, आणि पाचवीला तेवढीही किंमत नाही. तीही देवाच्या विसरात नाही. मात्र चिमणी पडणारच नाही असं येशू कुठे म्हणत नाही. खोक्याखाली पिल्लू पडलेलं दिसलं तर हे आधी माहीत असलेलं बरं.

फुलपाखराबद्दल एक सांगते. लिंबाच्या कुंडीत अळ्या येतीलच. लहान असताना त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. मारू नका, चार पानं खाऊ द्या. पण 'कोश म्हणजे कबर, फुलपाखरू म्हणजे पुनरुत्थान' हे दर ईस्टरला ऐकू येतं, ते मला पटत नाही. कोशात अळी जिवंतच असते. येशू खरोखर मेला होता.

आणि मगर. ऊन चढल्यावर, अकराच्या सुमाराला रिक्षाने काळा घोड्याजवळच्या पुलावर जा. खाली काठावर उतरायचं नाही, पुलावरूनच बघायचं. या दिवसांत विश्वामित्री नदीच्या काठावर त्या तोंड उघडं टाकून ऊन खात पडलेल्या असतात. माद्या फेब्रुवारीपासून काठाच्या मातीत अंडी घालतात, पिल्लं पावसाच्या तोंडावर निघतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या लोकांच्या सोसायट्यांत आल्या होत्या, तुम्हाला सांगायला नकोच. तिच्यात बोध शोधायचा नाही. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाने आपल्या दुःखाचं कारण विचारलं, आणि देवाने 38 ते 41 अध्यायांत त्याला गारा, तारे, रानगाढव, शहामृग दाखवले. शेवटी लिव्याथान नावाचा प्रचंड जलचर दाखवला. कित्येक भाष्यकार त्याला मगरच समजतात. दुःखाचं कारण मात्र देवाने सांगितलं नाही ते नाहीच. तरी ईयोब गप्प झाला, समाधानाने. घरी आल्यावर ते चारही अध्याय आई मोठ्याने वाचेल, मध्ये न थांबता, आणि बाबांनी लगेच अर्थ सांगायला घ्यायचा नाही.

छाटणीआधी कात्रीला धार लावून घ्या. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि तिथून सडते.

तुमची,
ताई