गुहेतला स्तंभ म्हणजे पर्जन्यमापक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हजारो वर्षांपूर्वीच्या मोसमी पावसाचा इतिहास गुहांमधील लवणस्तंभांवरून उलगडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. विषय इतका मोलाचा असताना ‘गुहेने अमुक संस्कृतीच्या अंताचे कारण सांगितले’ अशा धर्तीचे मथळे पाहिले की मनापासून वाईट वाटते.

पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषते, त्या पाण्यात चुनखडी विरघळते, आणि गुहेच्या छतातून टपकताना हा वायू निघून गेला की खाली चुन्याचा पातळ थर साचतो. असा स्तंभ उभा कापून घासला की आत फिकट-गडद पट्टे दिसतात. काही पट्टे तर केसाइतके बारीक असतात. या पट्ट्यांतून चिमूटभर पूड काढून युरेनियम-थोरियम पद्धतीने तिचे वय ठरवतात आणि ऑक्सिजनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण मोजतात. पावसाळा जोमाचा असेल तर जड ऑक्सिजन सहसा कमी सापडतो. ‘सहसा’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिला आहे, कारण बाष्प कोणत्या समुद्रावरून आले आणि पाऊस कोणत्या महिन्यांत पडला, यानेही हे प्रमाण बदलते.

मेघालयातील मॉम्लुह गुहेचेच पाहा. तेथील एका स्तंभावरून सुमारे ४२०० वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षण पडल्याचे मानले गेले, आणि त्याच्याच आधारे तेव्हा सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव अधिकृतपणे मिळाले. मात्र त्याच गुहेतील दुसऱ्या स्तंभाची अधिक बारकाईने तपासणी झाली, तेव्हा सलग दोन शतकांच्या अवर्षणाचे सरळ चित्र काही उमटले नाही.

याउलट छत्तीसगडमधील दंडक गुहेच्या नोंदीत चौदाव्या-पंधराव्या शतकांत पावसाळे दीर्घकाळ दुबळे राहिल्याचे दिसते, आणि आपल्याकडे ज्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली तो १३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला आहे. दगडाला माणसांच्या स्मृतीचा असा दुजोरा मिळतो, तेव्हा विधानाला वजन येते.

म्हणून विनंती एवढीच, की अशा बातमीत प्रत्यक्षात काय मोजले आणि वयात किती वर्षांची तफावत धरली आहे, हे दोन ओळींत तरी छापावे आणि दुसऱ्या गुहेचा दुजोरा नसल्यास तेही स्पष्ट लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक