काकू, तुम्ही वाचलंत म्हणून

प्रिय काकू,

आमच्यात सलाम म्हणतात, तुमच्याकडे नमस्कार. दोन्ही घ्या.

हे पत्र मी फोनला सांगतेय आणि तो लिहून घेतोय. चुका भाचीने काढल्या. चारचौघांत लिहितेय, कारण घरात आभार मानायला गेले की तुम्ही "चहा टाकते" म्हणून उठून जाता.

इंदूरच्या रामबागेत आपण एका वाड्यात किती वर्षं राहतोय! तुम्ही माडीवर, मी खाली. माझा काचबिंदू तुम्हाला ठाऊक होता, पण तो मोतीबिंदूसारखा नसतो हे तुम्हाला मीच उशिरा सांगितलं. मोतीबिंदूत ऑपरेशन झालं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस सुकत जाते, बहुतेक वेळा आतला दाब वाढून. आधी कडेचं दिसेनासं होतं, आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेलं राखण्यासाठी.

त्या तपासणीतली एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवतात. समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीत अंधार, यंत्राची बारीक घरघर. बराच वेळ काहीच चमकलं नाही, तेव्हा मी घाबरले आणि अंदाजाने बटण दाबत सुटले. न दिसलेल्या उजेडांसाठीसुद्धा. यंत्राला ते कळतं. डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले, "ताई, पुन्हा करू. जे दिसेल तेवढंच सांगा."

चर्चमध्येही मी तेच करत होते. गीतांचं पुस्तक उघडून धरायचं, ओठ हलवायचे. कुणी विचारलं तर "प्रभूच्या कृपेने बरं आहे." एका बाईंनी एकदा हात दाबून सांगितलं, "विश्वास कमी पडतोय, नाहीतर डोळे आले असते." त्या रात्री मी जेवले नाही. पुढच्या रविवारी मात्र आणखी मोठ्याने "आमेन" म्हणाले.

मग तुम्ही डबा परत द्यायला आलात. टेबलावर माझं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं आणि त्यावर धूळ. तुम्ही विचारलंत, "हे आता कोण वाचतं?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग मी वाचते की. अक्षरं तर आपलीच आहेत."

काकू, आमची उपासना हिंदीत होते, आणि हिंदीवर माझा राग नाही. पण माझी पणजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंच्या छायेत वाढली. घरात प्रार्थना मराठीतच झाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम चाललं होतं. रडू येतं तेव्हा मला मराठीच आठवते. आणि ती मराठी मला परत मिळाली तुमच्या आवाजात. दुपारी तुमची पोथी झाली की तुम्ही खाली येता. आधी मोरीत हात धुता, पदराला पुसता, मग पान उलटल्याचा आवाज येतो. हात धुवायला मी कधी सांगितलं नव्हतं.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, आठव्या अध्यायात आपण बेथसैदा गावच्या आंधळ्यापाशी आलो. येशू त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतंय का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताना. मग येशू पुन्हा हात ठेवतो आणि त्याला स्वच्छ दिसू लागतं. ही गोष्ट चार शुभवर्तमानांपैकी फक्त मार्कमध्ये आहे, आणि दोनदा हात ठेवून बरं केल्याची दुसरी गोष्ट नाही. मी ती लहानपणापासून ऐकलेली. मनात मी तिला जरा कमी प्रतीचा चमत्कार समजत होते, प्रभूला क्षमा मागून सांगते.

तुम्ही पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "किती खरा माणूस गं! समोर देवाचा माणूस उभा, भोवती लोक. 'हो, दिसतंय' म्हणून मोकळा झाला असता. पण झाडं दिसतात म्हणाला." थोड्या वेळाने म्हणालात, "आणि बघ, डोळे द्यायच्या आधी हात धरून गावाबाहेर नेलंय त्याला."

मी पुन्हा वाचायला सांगितलं. खरंच, हात धरून. इतक्या वर्षांत ते दोन शब्द माझ्या कानावरून नुसते गेले होते.

मी तुम्हाला त्या बटणाची गोष्ट सांगितली ती त्याच दुपारी. तुम्ही काही बोलला नाहीत, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसलात.

त्यानंतर मला शास्त्रात जिथे तिथे तो हात सापडू लागला. दिमिष्क म्हणजे दमास्कसच्या वाटेवर पौलाची, पुढे येशूचा प्रेषित झालेल्याची, दृष्टी जाते, तेव्हा सोबतचे लोक त्याला हाताला धरून गावात नेतात आणि तीन दिवस त्याला दिसत नाही. आम्ही विश्वासाने चालतो, दिसतं त्याप्रमाणे चालत नाही, असं पुढे लिहिलं ते याच पौलाने. मला आता वाटतं, हे लिहिताना त्याला तो हात आठवत असणार. आणि बेथसैदाच्या गोष्टीच्या लगेच पुढे येशूचा शिष्य पेत्र येतो. "तू ख्रिस्त आहेस" असं बरोबर ओळखतो आणि क्षणात असं काही बोलतो की प्रभू त्याला झिडकारतो. त्यालाही माणसं झाडांसारखीच दिसत होती. तरी प्रभूने त्याचा हात सोडला नाही.

मी डोळे मागायची थांबले नाही. रोज मागते. पण आता आधी खरं सांगते: प्रभू, आज एवढंच दिसतंय, आज विश्वासही एवढाच आहे. पाळकांना सांगितलं, मला वाचता येत नाही. आता रविवारी शेजारी बसणारी मुलगी गीताची ओळ आधी कानात सांगते आणि मी खरोखर गाते. पांढरी काठी घेतली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा चुकवताना तुमचा हात मागायला आता लाजत नाही.

तुमचा देव्हारा तुमचा, माझा प्रभू माझा. याबद्दल तुम्ही मला कधी छेडलं नाहीत, मीही तुम्हाला नाही. पण त्याने माझ्याकडे तुम्हाला पाठवलं असं मी मानते, आणि हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

उद्या दार नुसतं लोटलेलं असेल. आपण लूकच्या शेवटच्या अध्यायात थांबलोय. अम्माऊस गावाच्या वाटेवर येशूचे दोन शिष्य मेलेल्यांतून उठलेल्या येशूबरोबर चालतायत आणि अजून त्यांनी त्याला ओळखलेलं नाही.

तुमची,
खालच्या खोलीतली