शेततळ्याला अनुदान आहे, मग काठावरच्या दोराला का नाही?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिक जिल्ह्यातला द्राक्ष बागायतदार. तुमचा वेळ मोलाचा आहे म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं वाटत नाही. गेल्या महिन्यात माझा पुतण्या, धाकट्या भावाचा मुलगा, वय साडेचार, शेजारच्या शेततळ्यात बुडून गेला. आणि परवा आमच्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर नवा बॅनर लागला. वर तुमचा फोटो, खाली हसरं बाळ, लसीकरणाचं वेळापत्रक, आहाराचा तक्ता. सगळं चांगलंच आहे, पण मुलं पाण्यात बुडतात, चुलीवर भाजतात, ट्रॅक्टरखाली येतात त्याबद्दल अख्ख्या बॅनरवर एक ओळ नाही. तो बॅनर बघून घरी आलो आणि लिहायला बसलो.

तुम्ही म्हणाल शेततळं कृषी खात्याचं, मला कशाला लिहितोस. तेच तर भांडण आहे माझं, त्यावर येतोच.

आधी आश्वासनाचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावात दोन सख्ख्या बहिणी अशाच तळ्यात गेल्या. तेव्हा पुढारी आले, अधिकारी आले, महिन्याभरात तालुक्यातल्या सगळ्या शेततळ्यांचा सर्वे करू, प्रत्येक तळ्याला कंपाउंड आणि दोर असल्याशिवाय अनुदान सोडणार नाही असं त्या बापाच्या दारात उभं राहून सांगितलं, दुसऱ्या दिवशी पेपरात छापूनही आलं. आमचं पोर ज्या तळ्यात गेलं ते तळं या आश्वासनाच्या नंतर खोदलंय साहेब. नंतर मंजूर झालं, नंतर मोजलं, नंतर त्याचं अनुदान खात्यावर पडलं. कंपाउंड नाही, दोर नाही. शेजाऱ्यावर माझा राग नाही, त्याने फॉर्ममध्ये जे मागितलं ते सगळं दिलं. फॉर्मने दोर मागितलाच नव्हता.

आता शेततळं म्हणजे काय ते सांगतो, कारण मोटारीतून जाताना ते नुसतं निळं पाणी दिसतं. साधारण ३० बाय ३० मीटरचा खड्डा, ३ मीटर खोल म्हणजे दहा फूट, चारी बाजूंनी उतार, आणि पाणी मुरू नये म्हणून त्यावर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. एक पावसाळा गेला की पाण्याच्या रेषेवर कागदाला शेवाळ धरतं, मग तो तेल लावलेल्या परातीसारखा होतो, पाय ठेवला की माणूस खाली. पट्टीचा पोहणारा गडीसुद्धा वर येऊ शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं, ना दगड ना मूळ ना पायरी. विहिरीला निदान कपारी असतात. म्हणून तर एक बुडाला की काढायला गेलेला दुसराही बुडतो, बाप-लेक, भाऊ-भाऊ, मायलेकी, दर उन्हाळ्यात बातम्या येतात आणि लोक भावपूर्ण श्रद्धांजली टाकून पुढे जातात. यावरचा उपाय शेतकऱ्यालाच सुचलेला आहे. गाठी मारलेला जाड दोर चारी बाजूंनी आत सोडायचा, त्याला रिकामे कॅन नाहीतर जुन्या ट्यूब बांधायच्या, एका कोपऱ्यात शिडी. दोन-चार हजाराचं काम आहे हो. कंपाउंडला जास्त लागतात ते मान्य, पण दोराला काय लागतं?

२०१६ ला मागेल त्याला शेततळे योजना आली तेव्हा ५० हजारांपर्यंत अनुदान होतं, नंतर ते ७५ हजारांपर्यंत गेलं. राज्यात लाखाच्या वर शेततळी झाली. आमच्या भागाला त्याचा फायदा झाला, बागा जगल्या, हे मी कुठेही सांगेन. पण सरकारच्या पैशाने लाखभर दहा फुटी खड्डे खोदले गेले, त्यांच्या शेजारी शेतकऱ्यांची पोरं वाढतायत, आणि एवढ्या वर्षांत सरकारमधल्या एकाही माणसाला हा प्रश्न पडू नये? साहेब लोक येतात, टेप लावून लांबी-रुंदी-खोली मोजतात, जिओ टॅग फोटो काढतात. त्याच फोटोत दोर दिसला पाहिजे एवढी एक अट टाकायला कोणती कॅबिनेट मीटिंग लागते?

त्या दिवसाचं लिहायचं नव्हतं पण लिहितो, कारण पोलिसांनी आणि नातेवाईकांनी एकच प्रश्न विचारला, आईचं लक्ष कुठं होतं. भावजय बागेत विरळणीला होती, भाऊ फवारणीच्या ट्रॅक्टरवर. खरड छाटणी म्हणजे द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी होऊन महिना झाला की बागेत घरातलं प्रत्येक माणूस लागतं, मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. अंगणवाडी दुपारीच सुटते, शेतातलं काम सुटत नाही. पोरगं पडवीत बहिणीजवळ खेळत होतं, ती आठ वर्षांची. तिच्यावर सोडून गेले म्हणता? हो, तिच्यावरच. महाराष्ट्रातल्या निम्म्या शेतात आठ वर्षांची पोरगी हीच पाळणाघर आहे. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, झोपड्यांवर जाऊन बघा, वीटभट्टीवर जाऊन बघा. ती पाणी प्यायला आत गेली तेवढ्यात हा गेला. आता ती पोरगी रात्री उठून बसते आणि मी आत गेले म्हणून, मी आत गेले म्हणून एवढंच बोलते. तिच्यासाठी तुमच्या खात्यात कोण आहे ते सांगा. मी विचारलं तर जिल्ह्याला जा म्हणाले.

मीच कमरेला दोर बांधून उतरलो. वर काढल्यावर कुणी त्याला उलटा धरला, कुणी पोट दाबलं, एकाने तर मीठ आणा मिठात ठेवा म्हणून आरडाओरडा केला, मोबाईलवर आलेलं कधीतरी. बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यायचा असतो, मग छाती दाबायची आणि मदत येईपर्यंत थांबायचं नसतं, हे तिथं जमलेल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. त्यात आशाताई होत्या, पोलीस पाटील होते, शाळेचे गुरुजी होते. त्यांना पल्स पोलिओ शिकवलं, जनगणना शिकवली, निवडणूक शिकवली, हे एक कुणी शिकवलं नाही. शेततळ्यांच्या गावात.

१०८ ची वाट न बघता पिकअपमध्ये घालून आरोग्य केंद्रात नेला. २०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, बारा कोटींच्या राज्याला, मग गावाला वाट बघावी लागते यात नवल ते काय. केंद्रात सिस्टर एकट्या होत्या, त्यांनी जीव तोडून प्रयत्न केले, त्यांना माझा नमस्कार आहे. पण लहान मुलाच्या तोंडाला बसेल असा अंबू बॅगचा, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा मास्क कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर गेलेल्या माणसाकडे. तो मास्क असता तर पोर वाचलं असतं असा माझा दावा नाही. माझं म्हणणं एवढंच की तो कपाटात का होता.

मग मदतीचं बघा. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, दीड लाख मिळतात, पण मूल पहिली ते बारावीत पाहिजे. आमचा अंगणवाडीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, दोन लाख, तिथे वय १० ते ७५ पाहिजे. आमचा साडेचार. पैसे नकोत आम्हाला, त्या पैशाचं काय करायचं, पण ही वयाची अट वाचली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. पहिलीच्या आतलं मूल या राज्याच्या हिशोबात अपघाताने मरतच नाही!

आणि हिशोब तुमच्याच खात्याचा आहे म्हणून तुम्हाला लिहितोय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, गाडी शाळेत-अंगणवाडीत येते, मुलं तपासते. जन्मतःचं व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणातले आजार, वाढीतला विलंब असे चार गट, तीसेक दुखणी. इजा त्यात नाही. बुडणं नाही, भाजणं नाही, मारहाण नाही, अत्याचार नाही. मग २०२३ ला जागरूक पालक सुदृढ बालक अभियान आलं, नावातच जबाबदारी पालकावर टाकली. पालक जागरूक आहे हो, त्याला दोर द्या, दुपारी मूल ठेवायला जागा द्या.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात वर्षाला तीन लाख माणसं बुडून मरतात, त्यातला चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतली मुलं. १ ते ४ वयात बुडणं हे मृत्यूचं चौथं मोठं कारण आहे. आपल्या देशात एनसीआरबीच्या म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यात वर्षाला ३५ हजारांच्या वर लोक बुडून गेलेले दिसतात. रस्त्यावर २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार मेले, त्यात साडेनऊ हजारांच्या आसपास १८ च्या आतली पोरं. चार वर्षांखालच्या मुलाला बाईकवर हेल्मेट आणि कमरपट्टा बांधायचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे, तो पट्टा मी अजून एका मुलाच्या अंगावर पाहिलेला नाही. असे आकडे डेंग्यूचे असते तर तुम्ही रोज प्रेस घेतली असती. महाराष्ट्रात शेततळ्यात वर्षाला किती मुलं बुडाली हा आकडा मी कृषी कार्यालयात विचारला, आरोग्यात विचारला, तहसीलला विचारला. पोलिसात अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते आणि फाइल बंद, तळं की विहीर की नदी हे वेगळं कुणी काढत नाही. जे मोजतच नाही ते थांबवणार कसं?

उपाय कुणाला माहीत नाहीत असंही नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याचे मृत्यू रोखण्याचा आराखडा काढलाय, तो आमच्या जिल्ह्यापर्यंत कधी येणार? बांगलादेशात गावोगावी बालसंगोपन केंद्रं काढली, आई शेतात-कामात असते त्या सकाळच्या वेळात, नऊ ते एक, लहान मुलं एका बाईच्या नजरेखाली ठेवायची, बस एवढंच, आणि त्या मुलांमधले बुडून होणारे मृत्यू ८० टक्क्यांनी कमी झाले. मग तिथल्या सरकारने २०२२ मध्ये अशा आठ हजार केंद्रांना मंजुरी दिली. आपल्यापेक्षा गरीब म्हणतो ना आपण त्यांना? आपल्याकडे लाखभर अंगणवाड्या बांधून उभ्या आहेत. संध्याकाळपर्यंत उघड्या ठेवा, त्या ताईला आणि मदतनीसला नीट पगार द्या. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणा नावाची पाळणाघराची योजनाही आहे, ती आमच्या गावात कुणाला माहीत नाही.

पण आपल्याकडे कधी हलतं? ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं आगीत गेली तेव्हा फायर ऑडिट शब्द आठवला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला, तक्रार घ्यायला आईबापांना तासन् तास बसवून ठेवलं, लोक रुळावर उतरले, लोकल बंद पडल्या, तेव्हा कुठे शाळांतल्या सीसीटीव्हीचा जीआर दुसऱ्या दिवशी निघाला. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ पासून कागदावर होतीच की! म्हणजे मुंबईची लोकल थांबली तर शासन जागं होतं. आमच्या गावात लोकल नाही साहेब, आम्ही काय थांबवायचं? मूल गेलं की तुम्ही पाच लाख जाहीर करता, चौकशी समिती नेमता, पालकमंत्री भेट देतात, आणि समितीचा अहवाल कुठे जातो ते ती समितीही सांगू शकत नाही. कृषी म्हणतं आमचं काम पाण्याचं, महिला बालकल्याण म्हणतं आमचं काम आहाराचं, शिक्षण म्हणतं पहिलीपासून पुढे आमचं, पोलीस म्हणतात आमचं काम पंचनाम्याचं, आणि आरोग्य खात्याकडे मूल येतं ते थेट शवविच्छेदनाला. या सगळ्यांच्या मधल्या जागेत आमची पोरं मरतायत. ती जागा तुमची आहे असं मी म्हणतो, कारण मूल जिवंत ठेवणं हे ज्या खात्याचं काम आहे ते तुमच्याकडे आहे.

पावसाळा तोंडावर आहे, तळी परत काठोकाठ भरतील. त्याच्या आत कृषिमंत्र्यांना फोन करा, दोर आणि शिडीचा फोटो असल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटणार नाही आणि जुन्या तळ्यांना दोराचा खर्च सरकार देईल असा एक पानी जीआर काढायला लावा. आशाताई घरी येतात तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर घराजवळ तळं, उघडी टाकी, उघडा बोअर आहे का हे वहीत लिहू द्या. श्वास देणं प्रत्येक गावात दहा माणसांना शिकवा. आणि पाच वर्षांखालचं मूल अपघाताने गेलं की का गेलं याची चौकशी जिल्हा शल्य चिकित्सकांनी करायची, माता मृत्यूची करतात तशीच, नुसती आईची उलटतपासणी नको.

आमच्या गावातल्या तळ्यांची यादी आम्ही पोरांनी मिळून केली आहे, गट नंबरसकट, कुठे दोर आहे कुठे नाही. ती तलाठी कार्यालयात दिली तर पोचही मिळाली नाही. तुमच्या कार्यालयाने कुणाकडे द्यायची ते कळवावं, मी स्वतः आणून देतो.

कळावे,

एक द्राक्ष उत्पादक, नाशिक जिल्हा