अक्रोडाने जखम भरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला तणावमुक्तीचा लेख वाचला. खरं तर वाचणार नव्हते, रविवारी पुरवणी माझ्या हातात यायला संध्याकाळ होते. पण सकाळी साडेआठलाच पुण्याच्या धाकट्या नणंदेने घरच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. खाली जोडलेले हात आणि 'वहिनी, खास तुझ्यासाठी!' मग वाचावाच लागला.

लेखिकेचा अभ्यास दांडगा असेल, शंका नाही. 'ताण मानला तर आहे', रोज पाच भिजवलेले अक्रोड, दीर्घ श्वसन, स्वतःसाठी अर्धा तास, आणि कॉर्टिसॉल नावाच्या ताणाच्या संप्रेरकाला, म्हणजे शत्रूला, शरीरातून हाकलून द्या. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून विचारते, हाकलून दिल्यावर जगायचं कसं? मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी कॉर्टिसॉल तयार करणं थांबवलं तर ॲडिसनचा आजार होतो, आणि त्या रुग्णांना तेच संप्रेरक गोळीतून घ्यावं लागतं. पहाटे आपण उठून उभे राहतो त्यातही त्याचा हात असतो. सकाळी रक्तात ते भरपूर, मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. शत्रू असा वेळापत्रक सांभाळून येत नाही हो.

ताण काय करतो हे मला २०१९च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेच्या महापुरात कळलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७च्या वर. आमचं घर गावभागात. अंगणात पाणी शिरलं तशी मी भरलेला सिलिंडर एकटीने माडीवर नेला. आज रिकामा हलवत नाही. फाटकाच्या पत्र्याने नडगी चांगली चार बोटं कापली होती, ते दुसऱ्या दिवशी मावशींनी दाखवलं तेव्हा समजलं. तोवर दुखलंच नाही. अशा वेळी दुखणं मेंदूच दाबून ठेवतो. बाकीचं काम ॲड्रेनालिनचं, अधिवृक्क ग्रंथींच्याच दुसऱ्या संप्रेरकाचं. काही सेकंदांत हृदय धावतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पोटाचं काम थांबून रक्त स्नायूंकडे वळतं. शरीर म्हणतं, आधी जीव वाचव, बाकीचं मग बघू. पाणी उतरलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, बारा दिवसांत खपली पडली. तोही ताणच होता, आणि मी त्याची ऋणी आहे.

आता नणंदबाईंना ठाऊक नसलेला ताण सांगते. सासूबाई ८४ वर्षांच्या, सहा वर्षं डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. रात्री अडीचच्या सुमारास त्या उठतात, पिशवीत दोन पातळं कोंबतात आणि माहेरी निघतात. मिरजेची गाडी चुकेल म्हणून घाई. एकदा कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत पोचल्या होत्या. तेव्हापासून दाराच्या कडीला नातीच्या जुन्या चाळातली चार घुंगरं बांधली आहेत. घुंगरू वाजलं की मी पलंगावरून उडी मारते, तोंड कोरडं, छातीत घण. 'आई, गाडी सकाळची आहे' असं सांगितलं की त्या पाच मिनिटांत झोपतात. कॉर्टिसॉल मात्र सावकाश येतं, चढायला वीस-तीस मिनिटं घेतं. म्हणजे सासूबाई घोरायला लागतात तेव्हा माझं नुकतं कुठे भरात येत असतं, तेही ज्या वेळी ते कमीच असायला हवं. पुरेसं झालं की मेंदूच 'बस' म्हणतो, अशी सोय शरीरात आहे. पण रोज रात्री, कधी दोनदा, सहा वर्षं? आता शेजारच्या मुलीचे पैंजण वाजले तरी धस्स होतं. हे मी 'मानलं' म्हणून होतं का, लेखिकेला विचारून कळवावं.

गेल्या माघात विळीवर नारळ खवताना अंगठा कापला. नडगीच्या मानाने काहीच नाही. महिना झाला, भरेना. साखर तपासली, ठीक. रक्त तपासलं, ठीक. डॉक्टर म्हणाले, 'झोप किती होते?' मी हसले. वय वाढलं आहे, हे मान्य. पण १९९५ साली अमेरिकेत ओहायोमध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं होतं. डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या १३ बायका आणि त्याच वयाच्या, तो भार नसलेल्या १३ बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. इतरांची सरासरी ३९ दिवसांत भरली, सांभाळणाऱ्यांची जवळपास ४९ दिवसांत. बायका मोजक्याच, कबूल. पण माझ्या अंगठ्याने ४६ दिवस घेतले, ते मी कॅलेंडरवर लिहून ठेवलेत.

आणि मनाला लावून घेण्याबद्दल. १९३६मध्ये ताणाचा अभ्यास करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, जखमा केल्या, दमवलं, विष टोचलं. काहीही करा, तेच तीन परिणाम. अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. त्या उंदरांपैकी कुणी फार मनाला लावून घेत होतं अशी नोंद नाही. (सेल्येंनी हे सगळं 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाच्या संपादकांना एका छोट्या पत्रातच लिहिलं होतं, आणि त्यांनी ते छापलं. सहज आठवलं.)

मला अक्रोड नकोत. महिन्यातून चार रात्री कुणीतरी त्या कडीपाशी झोपावं, एवढंच. रात्रीची बाई ठेवायचा विषय काढला तेव्हा दीर आणि नणंद दोघांचेही हात वर गेले, आता जोडून ग्रुपवर येतात. लहान मुलांना पाळणाघर असतं, म्हाताऱ्यांना दिवसभर ठेवायची सोय आमच्या भागात नाही. त्यावर पुरवणीत कधी अर्धं पान द्या.

जाता जाता, तीन महिन्यांपासून शब्दकोड्याची छपाई इतकी फिकट येते की चौकटीतले आकडे दिसत नाहीत. मी ते पहाटे तीन ते चार सोडवते, का ते वर आलंच आहे. गेल्या मंगळवारी आडवा १४ आणि उभा १४ दोन वेगळ्याच चौकटींत होते. शिवाय उत्तर बुधवारऐवजी शुक्रवारी छापलंत. तेवढं बघा.

माझं नाव छापू नये. नणंदेकडे तुमचाच पेपर येतो. घुंगरांवरून तिला कळेल म्हणा, कळू दे.

आपली,
एक जुनी वाचक, गावभाग, सांगली