भंगारात देण्याआधी संगणकाची मागची बाजू बघा

संपादक महोदय,

आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेने नुकतेच अडगळीतले संगणक किलोच्या भावाने कबाड्याला दिले. त्या ढिगात एक जुना पीसी होता. त्याच्या पाठीमागे कोॲक्स केबल (टीव्हीच्या केबलसारखी जाड गोल तार) अडकवायचा गोल जोड दिसला आणि जीव हळहळला. मुंबईच्या नोकरीत मी वर्षानुवर्षे अशाच यंत्रापुढे बसलो आहे. हा साधा पीसी नव्हता, मेनफ्रेमचे, म्हणजे दूर ठेवलेल्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाचे, टर्मिनल (त्याला जोडलेला पडदा व कीबोर्ड) म्हणून काम करणारा पीसी होता.

आयबीएमची ३२७० टर्मिनल्स १९७१ सालची. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ८० अक्षरे. रकाने भरून एंटर दाबले की बदललेला मजकूर एकगठ्ठा मेनफ्रेमकडे जाई. उत्तर येईस्तोवर कीबोर्ड बंद, आणि तळाच्या ओळीत फुलीशेजारी घड्याळाची खूण. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि एकाच टेबलावर टर्मिनलचा एक, पीसीचा एक असे दोन पडदे, दोन कीबोर्ड झाले. मग पीसीच्या पोटात बसणारी इर्मासारखी कार्डे निघाली. केबल थेट पीसीला जोडायची, की तोच टर्मिनल. मेनफ्रेमची अक्षरे एबसिडिक नावाच्या अंकी संकेतात, पीसीची आस्की या वेगळ्या संकेतात, तो मेळही बसवावा लागे. १९८३ मध्ये आयबीएमने स्वतःच ३२७० पीसी काढला. त्याच्या कीबोर्डला १२२ कळा होत्या, आणि मेनफ्रेमवरची चार कामे व डॉस (पीसीची स्वतःची कार्यप्रणाली) एकाच पडद्यावर उघडता येत. काय सुबक काम होते ते!

हे आजच्या पोरांना दाखवायला हवे. पीककर्जाच्या चौकशीला गेलेला शेतकरी बँकेत ‘लिंक नाही’ ऐकून दिवसभर ताटकळतो, कारण पडदा इथे आणि खातेवही कुठल्या कुठे. ही रचना तेव्हापासूनची आहे. अभियांत्रिकीची मुले ती गाइडातून पाठ करतात. यंत्र उघडून कार्ड हातात घेतले तर एका तासात उमगेल. हर्क्युलीस हा मोफत प्रोग्राम साध्या लॅपटॉपवर आयबीएमचा जुना मेनफ्रेम उभा करतो, त्यामुळे पलीकडची बाजूही वर्गात दाखवता येते.

विदर्भातल्या महाविद्यालयांना, सहकारी बँकांना, सूतगिरण्यांना माझी विनंती आहे: लिलावाआधी जाणत्या माणसाला बोलवा. कार्ड, कीबोर्ड, केबल आणि माहितीपुस्तिका एकत्र ठेवा, कारण सुटे झालेले भाग पुन्हा जुळत नाहीत. बाकीचे कबाड्याला नको, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राला द्या. २०२२ चे ई-कचरा नियमही तेच सांगतात. आमच्याकडे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, आणि तो धूर वस्तीतली लेकरे श्वासात घेतात.

आर्वी, पुलगाव, हिंगणघाट या भागात कोणाकडे असे यंत्र पडून असेल, तर मी स्वतः येऊन ते तपासून, नीट पुसून, चालू होते का ते पाहून देईन. मोबदला नको.

– एक निवृत्त संगणक कर्मचारी,
ता. आर्वी, जि. वर्धा