काजात बटण

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. तुझा प्रश्न एका ओळीचा आहे: "आई गेली, आता हा प्रबंध पुरा करून दाखवू कुणाला?" पटकन काही लिहिलं असतं तर ते सांत्वन झालं असतं, आणि सांत्वनाचा तुला एव्हाना वीट आला असणार. म्हणून आधी माझ्याकडचं सांगतो.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला हे तुला माहीत आहे. त्यानंतरचे आठ महिने कसे गेले, ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. उजवा हात जवळजवळ निकामी झाला होता. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, मेंदूचा जो भाग गेला तो गेला, पण तीच हालचाल पुन्हा पुन्हा केली की उरलेला मेंदू ते काम थोडंथोडं अंगावर घेतो. मग एक जुना कोट टेबलावर पसरून आम्ही बटणं लावायला बसायचो. आधी कोटाची मोठी, मग शर्टाची. अंगठा आणि तर्जनीत बटण उभं धरायचं, त्याची कड काजात सरकवायची, पलीकडून डाव्या हाताने ओढून घ्यायची. आपण हे डोळे मिटून करतो. बाबांना एकेका बटणाला चार-पाच मिनिटं लागायची आणि नेमकं शेवटच्या क्षणी ते निसटायचं.

मला तू ओळखतोस. व्यायामशाळेत मी नऊ दिवस टिकलो होतो. बोटं दुखतात म्हणून गिटार सोडली. तोच मी आठ महिने, रोज सकाळी अर्धा तास त्या टेबलाशी बसलो. अंगात चिकाटी आली असं मात्र समजू नकोस, गिटार अजून माळ्यावरच आहे.

आणि फार उदात्त चित्रही डोळ्यांपुढे आणू नकोस. एकदा ऑफिसला उशीर होत होता, बटण सहाव्यांदा निसटलं आणि मी ओरडलो, "सोडा, मी लावतो!" बाबा काही बोलले नाहीत. हात मांडीवर ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर ते आधीच टेबलाशी, कोट पसरलेला. जीभ अजून जड होती, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "तुला... उशीर होतो माझ्यामुळे. म्हणून लवकर... सुरू केलं." मी त्यांच्यासाठी बसत होतो आणि ते माझ्यासाठी! कुठे बघावं तेच मला कळेना.

प्रेमाने कष्ट हलके होतात म्हणतात, ते काही मला पटत नाही. आठव्या महिन्यातही मला कंटाळा यायचाच. पण त्या कंटाळ्यातही बाबांच्या अंगठ्याचं पेर कालच्यापेक्षा केसभर जास्त वाकलं, हे मला दिसायचं. दुसऱ्या कुणाचं दिसलं नसतं.

त्या दिवसांत हातांविषयी जे मिळेल ते वाचत सुटलो होतो. त्यात विल्यम हॉलस्टेड या अमेरिकन सर्जनची हकीकत सापडली. 1889-90च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन ही परिचारिका शस्त्रक्रियेत त्याच्या हाताखाली होती. पाऱ्याच्या क्षाराच्या जंतुनाशक द्रावणाने तिच्या हातांची कातडी सोलवटायची. हॉलस्टेडने गुडइयर रबर कंपनीला सांगून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. 1890मध्ये दोघांचं लग्न झालं. गंमत पुढेच आहे. हे मोजे होते तिचे हात वाचवायला. त्यांनी रुग्णांचा जंतुसंसर्गही कमी होतो, हे नीट ध्यानात यायला आणखी काही वर्षं जावी लागली. आज मोज्यांशिवाय कुठला सर्जन हात घालतो? एका बाईच्या हातांकडे कुणीतरी जरा जास्त निरखून पाहिलं, तिथून हे सुरू झालं.

आता तुझ्या काकू. (तुझी आई, पण मला त्या काकूच.) तुझा विषय त्यांना कळत नव्हता, तरी प्रत्येक पान त्या वाचायच्या आणि जे वाक्य समजलं नाही त्याच्या समासात पेन्सिलीने बारीक फुली मारायच्या. तू वैतागायचास, "आई, हे तज्ज्ञांसाठी आहे गं!" आणि रात्री गुपचूप ते वाक्य सोपं करायचास. तुझं लिखाण इतकं स्वच्छ आहे ते त्या फुल्यांमुळे. मग "आता कुणाला दाखवू" असं तू विचारतोस, तेव्हा मला वाटतं की त्या तुझ्या प्रत्येक वाक्यात आधीच बसलेल्या आहेत, तुला त्यांना उठवता येणार नाही.

एप्रिल 1906मध्ये शास्त्रज्ञ पिएर क्युरी अपघातात गेला. त्याची बायको मारीने (आपण जिला मादाम क्युरी म्हणतो) त्यानंतर त्याला उद्देशूनच रोजनिशी लिहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात त्याच्या जागी ती शिकवायला उभी राहिली. पहिलंच व्याख्यान ऐकायला गर्दी लोटली होती. लोकांना वाटलं, दिवंगत नवऱ्याविषयी दोन शब्द बोलेल. तिने पिएरने जिथे विषय सोडला होता तिथूनच सुरुवात केली. दुःख ओसरलं होतं म्हणून ती उभी राहिली असेल, असं मला अजिबात वाटत नाही.

एक मात्र सांभाळ. "आईसाठी केलं" हे उद्या कर्ज फेडल्यासारखं बोलू नकोस. माझ्याही तोंडी एकदा "बाबा, तुमच्यासाठी मी किती..." आलं होतं, आणि त्या दिवशीचा सगळा सराव वाया गेला.

बाबा आता वरचं बटण सोडून बाकीची स्वतः लावतात. वरचं ते मुद्दाम माझ्यासाठी ठेवतात असा मला संशय आहे.

तिसरं प्रकरण अर्धवट आहे म्हणालास ना? आहे तसं पाठव. विषय मलाही कळणार नाही. पेन्सिल टोक करून ठेवली आहे.

तुझाच