खरं तेच सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सा. न.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात तुमच्या सेवेबद्दल, कष्टांबद्दल बरंच बोललं गेलं. मुलं तुमच्यावर विश्वास का ठेवायची, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते मला लिहायचं आहे. पत्र उघड ठेवते आहे, कारण निवासी संस्थेत मुलांबरोबर राहून काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या हाती ते पडलं तर उपयोगी ठरेल.

संस्थेत आलेलं मूल आज ना उद्या विचारतंच, ‘मी घरी कधी जाणार?’ आपण मोठी माणसं चटकन म्हणून जातो, ‘लवकरच.’ त्या वेळी मूल गप्प होतं आणि आपली सुटका होते. तुम्ही कधीच तसं म्हणाला नाहीत. तुमचं उत्तर असायचं, ‘मला माहीत नाही. शुक्रवारी बैठक आहे. काय ठरलं ते मी तुला संध्याकाळी येऊन सांगीन.’ शुक्रवारी बऱ्याचदा काहीच ठरत नसे. तरीही तुम्ही त्या मुलाला शोधत जायचात आणि सांगायचात, ‘आज काही ठरलं नाही. पुढची तारीख अमुक आहे.’ सांगण्यासारखं काही नसताना मुद्दाम जाऊन ते सांगणं, हे मी तुमच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. तोवर मला वाटायचं की मुलांना चांगली बातमी हवी असते. त्यांना त्याआधी हवा असतो बोलल्याप्रमाणे परत येणारा माणूस. त्यांच्या आयुष्यात अशी माणसं फार थोडी आलेली असतात.

मूल दबक्या आवाजात म्हणायचं, ‘एक सांगतो, पण कुणाला सांगायचं नाही.’ त्या क्षणी ‘नाही सांगणार’ म्हणण्याचा मोह किती मोठा असतो! वाटतं, हे वचन दिलं की ते आपल्याशी बोलेल. तुम्ही आधीच सांगून टाकायचात की तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी त्रास देत असेल, तर मला ते पुढे सांगावंच लागेल. पण कुणाला सांगते आहे हे आधी तुला कळेल, आणि तुला यायचं असेल तर आपण दोघं मिळून सांगू. काही मुलं हे ऐकून उठून जायची. त्यातली बरीचशी काही दिवसांनी परत यायची. एकदा गुपित राखण्याचं वचन देऊन मागाहून ते मोडणाऱ्या माणसाकडे मूल दुसऱ्यांदा येत नाही, आणि बहुधा दुसऱ्या कुणाकडेही जात नाही. त्रास सोसणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ किती गंभीर आहे, हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात समजावलंत. त्याबद्दल मी कायमची ऋणी आहे.

सगळ्यांत जास्त मला छळायचं ते चांगल्या दिवसानंतरचं वादळ. दिवसभर मूल हसत-खेळत असावं, जवळ येऊन बसावं, आणि रात्री त्यानेच कपाटावर लाथा मारून अर्वाच्य शिव्या द्याव्यात. मला ती कृतघ्नता वाटायची. तुम्ही म्हणालात, ‘आज त्याला तू आवडलीस. म्हणून आता त्याला भीती वाटते.’ जवळची माणसं आपल्याला सोडून जातात हे ज्याने अनुभवलंय, त्याला जवळीक धोक्याची वाटते. तू जाणारच असशील तर आत्ताच जा, असं तो त्या लाथांतून म्हणत असतो.

रात्रपाळीत तुम्ही सांगितलेली शिक्षक आणि मनोविश्लेषक ऑगस्ट आयखहॉर्न यांची हकिगत मी अजून नव्या सहकाऱ्यांना सांगते. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात, ओबरहोलाब्रुन इथे त्यांनी मुलांची संस्था चालवली. तिथल्या सर्वांत आक्रमक मुलांचा गट त्यांनी वेगळा केला आणि सहकाऱ्यांना सांगितलं की गंभीर इजा तेवढी टाळा, बाकी मारहाणीला मारहाणीने उत्तर देऊ नका, प्रेमाने वागा. मुलांनी खिडक्या फोडल्या, सामान मोडलं. दंगा वाढतच गेला. पण अपेक्षित मार काही मिळेना. हळूहळू तो राग नुसता दाखवण्यापुरता उरला, मग मुलांना रडं फुटू लागलं, आणि त्यानंतर ती मोठ्या माणसांशी खरं नातं जोडू लागली. आज कुठलीही संस्था एवढी मोडतोड होऊ देणार नाही, देऊही नये. तिथे राहणाऱ्या इतर मुलांनाही सुरक्षित वाटायला हवं. पण त्या हकिगतीतला क्रम मला फार धीर देतो. आधी राग, मग रडू, मग नातं. आपण मधेच सूड उगवला तर मूल पहिल्याच पायरीवर अडकून राहतं.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५६ साली मांडलं की मुलाच्या समाजविरोधी वागण्यात आशा दडलेली असते. पूर्वी मिळालेलं आणि मग हिरावलेलं काहीतरी ते परत मागत असतं. तुमच्या पिशवीतली वस्तू वारंवार उचलणाऱ्या मुलीकडे तुम्ही त्याच नजरेने पाहिलंत. वस्तू परत मागितलीत, ती परत करायलाही लावलीत, आणि रोज रात्री तिच्याशी बोलायची ठरलेली वेळ मात्र एकदाही रद्द केली नाहीत.

शिक्षा म्हणून घरचा फोन बंद करण्याची सूचना एका बैठकीत आली, तेव्हा तुम्ही ठाम उभ्या राहिलात. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या, म्हणजे आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलांच्या सांभाळाच्या, मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलंय की कुटुंबीयांशी किंवा मुलाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या माणसांशी असलेल्या संपर्कावरची बंधनं शिक्षा म्हणून कधीही वापरू नयेत. तुम्ही ते वाचून दाखवलंत, सूचना तिथेच थांबली. मुलांना हे कधी कळलं नाही, म्हणून त्यांच्या वतीनेही आभार.

‘मुलांशी फार जवळीक करू नका, जाताना त्रास होतो’ असं आपल्या क्षेत्रात सर्रास सांगतात. मला हा सल्ला चुकीचा वाटतो, आणि तसं वाटण्याचं कारण तुम्ही आहात. तुम्ही जवळीक केलीत आणि जाण्याची तयारीही केलीत. निवृत्तीची तारीख मुलांना खूप आधी सांगितलीत. काहींनी बोलणं सोडलं, एकाने तुमच्या खोलीच्या दारावर रेघोट्या मारल्या, आणि तुम्ही नेहमीसारख्या दार वाजवूनच त्याच्या खोलीत जात राहिलात. तुमच्यानंतर कोण रात्री भेटेल, काय बदलेल, काय तसंच राहील, हे प्रत्येकाशी बसून बोललात. आपलं माणूस निरोप घेऊन, सांगून-सवरून जाऊ शकतं, हे यातल्या काही मुलांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तुमची पत्रं सांगितल्या वेळी येताहेत. रेघोट्या मारणारा आता ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. तुम्हाला उत्तर लिहायचं का, हे त्याचं अजून ठरत नाहीये, आणि मी विचारत नाही.

पुढच्या महिन्यात नवे सहकारी रुजू होताहेत. त्यांची पहिली रात्रपाळी तुमच्यासोबत व्हावी, असं मला फार वाटतं. विचार करून कळवा, आणि नक्की जमणार असेल तरच हो म्हणा. मुलांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

तुमची,
रात्रपाळीची सहकारी